‘नाही’ ह्या उत्तराचे अर्थ : दवाखान्यातील संगणकीय प्रश्नावली आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील बोलणे

वाग्भटाने रोग्याच्या परीक्षेची दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन अंगे सांगितली आहेत. ह्यांपैकी पहिल्या दोन अंगांच्या साहाय्याला वैद्यकाने गेल्या दोन शतकांत उपकरणांची एक मोठी मालिका उभी केली. तिसरे अंग मात्र दीर्घकाळ निव्वळ भाषेच्या स्वाधीन राहिले. प्रश्न वैद्याने विचारावा, रोग्याने आपल्या बोलीत उत्तर द्यावे, वैद्याला ते उमजले नाही तर त्याने पुन्हा विचारावे, आणि ह्या देवघेवीतून रोगाचे चित्र स्पष्ट होत जावे, असा हा व्यवहार होता. आता ह्या तिसऱ्या अंगासही उपकरण लाभले आहे. मोबाइलच्या अथवा टॅबच्या पडद्यावर प्रश्न उमटतो, त्याखाली ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन असतात, आणि त्यांपैकी एकावर बोट ठेवल्यावाचून पुढचा प्रश्न येत नाही.

ह्या उपकरणाचा विचार बहुधा वैद्यक अथवा संगणकशास्त्र ह्यांच्या अंगाने होतो. परंतु ते उपकरण भाषेचे बनलेले आहे. म्हणून त्याची परीक्षा भाषाशास्त्रानेही केली पाहिजे. प्रस्तुत लेखात ती अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. 2024 मध्ये नामांतर होईपर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याचे चौदा तालुके असून 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांहून अधिक भरली होती. उत्तरेस प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला साखरपट्टा, पूर्वेस व दक्षिणेस ऊसतोडीला जाणारे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणाचे तालुके, आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजांचा अकोले तालुका, इतके भाषिक वैविध्य जेथे आहे तेथे एकाच वाक्याने सर्वांस प्रश्न विचारणे ही साधी गोष्ट नव्हे.

लेखाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगणे बरे. पडद्यावरील ‘नाही’ ह्या चौकोनात किमान चार निरनिराळी उत्तरे जाऊन पडतात. ‘मला हा त्रास नाही’, ‘मला माहीत नाही’, ‘मला प्रश्न समजला नाही’ आणि ‘मला हे तुम्हाला सांगायचे नाही’, ही ती चार उत्तरे होत. बोलण्यात ती वेगळी ऐकू येतात, नोंदीत ती एकच होतात; आणि वैद्यकीय प्रश्नावलीत ‘नाही’चा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘निरोगी’ असा धरला जात असल्यामुळे, न समजलेला प्रश्न रोग्याच्या आरोग्याचा दाखला होऊन बसतो.

ही अडचण जुनी आहे, आणि ती जुन्यांच्या ध्यानातही आली होती. 1949 साली अमेरिकेत ‘कॉर्नेल मेडिकल इंडेक्स’ नावाची 195 प्रश्नांची छापील प्रश्नावली सिद्ध झाली. रोग्याने ती स्वतः वाचून प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ला खूण करावयाची, असे तिचे स्वरूप होते. वैद्याचा वेळ वाचावा हा तिचा उघड हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक ह्या वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह ‘लिंक’ नावाच्या संगणकावर रोग्यास थेट प्रश्न विचारण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या प्रयोगात रोग्यास उत्तरासाठी चार पर्याय होते : हो, नाही, माहीत नाही, समजले नाही. मराठीत हे चार पर्याय लिहिले तर त्यांतील तिघांच्या शेवटी ‘नाही’ येते, ही गंमत येथे सहज लक्षात यावी. तथापि त्या तिघांना स्लॅक ह्यांनी तीन वेगळ्या कळा दिल्या होत्या. संगणक वैद्यकात शिरला तेव्हाच, रोग्यास प्रश्न समजणार नाही ही शक्यता गृहीत धरून तिला जागा करून दिली गेली होती. आजच्या अनेक प्रश्नावल्यांत तेवढी एक कळ राहिलेली नाही.

अहिल्यानगरातील सामान्य ग्रामस्थाची संगणकीय प्रश्नावलीशी गाठ दोन-तीन ठिकाणी पडते. शहरातील खासगी रुग्णालयात मोबाइलवर पाठविलेला अर्ज असतो. शासकीय रुग्णालयाच्या खिडकीशी, 2022 च्या ऑक्टोबरपासून देशभर सुरू झालेल्या पद्धतीनुसार, भिंतीवरील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की नाव, वय व पत्ता आपोआप नोंदला जातो. परंतु सर्वांत व्यापक प्रश्नावली घरी येते. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस काही ठरावीक प्रश्न विचारते. ती उत्तरे असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या संगणकीय प्रणालीत भरली जातात. आणि त्यांवरून उपकेंद्रातील तपासणीस कोणास आधी बोलवावयाचे हे ठरते. रक्तदाब, मधुमेह, आणि मुखाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग हे ह्या तपासणीचे विषय होत. तिच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल व घराण्यातील रोग ह्यांस गुण दिलेले आहेत, आणि गुणांची बेरीज चारांहून अधिक झाली तर त्या व्यक्तीस अग्रक्रम मिळतो.

ह्यांतील तंबाखूचा प्रश्न पाहू. मूळ इंग्रजी प्रश्न धूम्रपान आणि गुटखा-खैनीसारखे धूररहित पदार्थ ह्यांविषयी आहे. शासकीय मराठीत अशा ठिकाणी ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन’ असा प्रयोग रूढ झाला आहे. ‘सेवन’ हे क्रियानाम सोयीचे खरे, कारण त्यात सर्व काही मावते. पण बोलीत ज्या क्रिया आहेत त्या अगदी वेगळ्या आहेत. तंबाखू खातात किंवा मळतात, विडी ओढतात, तपकीरही ओढतात, आणि मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. महाराष्ट्राच्या खेड्यांतील असंख्य स्त्रिया ती सकाळी, आणि पुष्कळदा दिवसातून अनेकदा, हिरड्यांना व दातांना लावतात. शब्दकोश तिला तंबाखूच म्हणेल; परंतु लावणाऱ्या स्त्रीच्या मनात तिची जागा तंबाखूशेजारी नसून दंतमंजनाशेजारी आहे. ‘लावणे’ हे क्रियापद ह्याची साक्ष देते. कुंकू लावतात, तेल लावतात, मलम लावतात. जी वस्तू लावली जाते ती खाल्ली जात नाही, आणि जी खाल्ली जात नाही तिचे सेवन कसले? तेव्हा ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ ह्या प्रश्नाला तोंडात मिसरी असलेली स्त्री ‘नाही’ म्हणाली तर ती खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न आणि तिने ऐकलेला प्रश्न निराळे आहेत, इतकेच.

ह्याच्या उलट दिशेने चूक होते ती शारीरिक हालचालीच्या प्रश्नात. आठवड्यातून किमान 150 मिनिटे शारीरिक हालचाल होते काय, असे तेथे विचारावयाचे असते. ‘शारीरिक हालचाल’ हा शब्द बोलण्यात नसल्यामुळे तो विचारताना सहजच ‘व्यायाम’ होतो. आता व्यायाम ही शाळेतली, तालमीतली अथवा शहरातल्या सकाळच्या फेरीची गोष्ट आहे. पाथर्डीची जी स्त्री हंगामात नवऱ्याबरोबर ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडी भरते, ती व्यायाम करीत नाही. ती काम करते. मराठीत काम आणि व्यायाम हे परस्परांना वगळणारे शब्द आहेत. जो काम करतो त्याला व्यायामाची गरज नसते, असे आपण म्हणतो, आणि ह्या वाक्यातच दोहोंची फारकत आहे. तेव्हा तीही ‘नाही’ म्हणते, आणि दिवसाचे बारा तास राबणाऱ्या बाईच्या नावावर बैठ्या जीवनाचा एक गुण जमा होतो.

ह्या दोन चुका एकत्र आल्या म्हणजे काय घडते ते उदाहरणादाखल मांडता येईल. बावन्न वर्षांची एक स्त्री घ्या. सुधारित नमुन्यात पन्नास ते एकोणसाठ ह्या वयास 3 गुण आहेत. ती रोज मिसरी लावते. रोजच्या तंबाखूस 2 गुण. कमरेचा घेर 80 सेंटिमीटरांच्या आत, दारू नाही, घराण्यात रोग नाही, कष्ट भरपूर. ह्या सर्वांस शून्य. खरी बेरीज 5 होते, म्हणजे ती अग्रक्रमास पात्र आहे. आता तिची उत्तरे पडद्यावर जशी उतरतात तशी मोजा. वयाचे 3, तंबाखू ‘नाही’ म्हणून शून्य, व्यायाम ‘नाही’ म्हणून 1; बेरीज 4. ती रेषेच्या अलीकडे राहिली. तोंडात बरी न होणारी जखम आहे काय, तोंड उघडण्यास त्रास होतो काय, हे प्रश्न पुढच्या भागात स्वतंत्र आहेत. म्हणून रोग दिसू लागला असेल तर तो तेथे सापडेल. पण दिसू लागण्यापूर्वी तो शोधावा हाच ह्या गुणांचा हेतू होता.

वयाचेही तसेच आहे. साठीच्या आतबाहेरच्या कितीतरी माणसांना आपली जन्मतारीख ठाऊक नसते. त्यांचे वय घटनांशी बांधलेले असते. ‘बहात्तरच्या दुष्काळात मी कडेवर होते’ किंवा ‘दुष्काळात मी खडी फोडायला जात होते’ ही नगर जिल्ह्यातील वय सांगण्याची नेमकी रीत आहे, आणि 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यात ती कोणास न कळण्याजोगी नाही. पडद्याला मात्र दिवस, महिना व वर्ष लागते. ते आधारपत्रावरून घेतात, आणि आधारपत्रावर केवळ वर्ष सांगितलेल्या माणसांची तारीख 1 जानेवारी अशी पडलेली असते. एका अंदाजावर दुसरा अंदाज बसतो आणि त्याला तारखेचे रूप येते.

येथे असा आक्षेप येईल, की चांगले भाषांतर केले म्हणजे हे प्रश्न सुटतील. प्रश्नावल्यांचे भाषांतर तपासण्याची एक प्रतिष्ठित रीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन ह्यांनी 1970 मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. एकाने इंग्रजीचे मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन्ही इंग्रजी मसुदे ताडून पाहावे, अशी ही प्रतिभाषांतराची रीत होय. तिचा उपयोग नाकारता येत नाही. ढोबळ चुका तिने निश्चित सापडतात. परंतु वरील दोन्ही उदाहरणांत ती निरुपयोगी आहे, हे थोड्या विचाराने कळून येईल. ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन’ ह्याचे इंग्रजी कोणीही निर्दोष करील; ‘व्यायाम’चेही. प्रतिभाषांतर करणारे दोघेही सुशिक्षित, द्विभाषिक आणि बहुधा शहरी असतात. दोघांचा कोश एकच असल्यामुळे त्यांच्या परीक्षेत शब्द उत्तीर्ण होतो. त्या परीक्षेस मिसरी लावणारी स्त्री बसलेलीच नसते. ह्या संदर्भात भारतातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी मोठी पाहणी 2009–10 व 2016–17 मध्ये झाली तिचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे मिसरी, गुल, गुडाखू ह्यांची नावे स्वतंत्रपणे घेतलेली आहेत. म्हणजे उपाय अवघड नाही. वस्तूला तिच्या नावाने पुकारले की पुरे.

परंतु वस्तूला नाव असते तसे मनःस्थितीला असतेच असे नाही, आणि येथे भाषेची खरी कसोटी लागते. वर सांगितलेल्या सुधारित नमुन्यात शेवटी मनाविषयी दोन प्रश्न आहेत. ते क्रोएन्के, स्पिट्झर व विल्यम्स ह्यांच्या नैराश्यविषयक प्रश्नावलीतून आले असून, तिची दोन प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस अथवा आनंद कमी वाटला काय, आणि खिन्न, उदास अथवा हताश वाटले काय, असा त्यांचा आशय आहे. उत्तरे चार : मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. त्यांस 0 ते 3 गुण, आणि बेरीज 3 हून अधिक झाल्यास पुढे पाठवावयाचे.

‘काही करण्यात रस वाटणे’ ही रचना इंग्रजी नामाची छाया आहे. मराठी अशा ठिकाणी नामाकडे न जाता क्रियापदाकडे जाते : जावेसे वाटत नाही, बोलावेसे वाटत नाही, खावेसे वाटत नाही. शिवाय येथे अनुभव घेणारी व्यक्ती वाक्याची कर्ती नसते. ती चतुर्थीत असते. ‘मला ताप आला’, ‘मला घेरी आली’, ‘मला करमत नाही’, ‘माझा कशात जीव लागत नाही’ ह्या सर्व वाक्यांत दुखणे हे माणसाकडे चालत आलेले असते. ‘आपण निराश आहात काय?’ असा प्रश्न त्याला एकदम माणसाचा स्वभाव करून टाकतो, आणि स्वभावाचा दोष कोण कबूल करील? शेतात राबणाऱ्या बाईस ‘कामात रस वाटतो का?’ असे विचारले तर ‘रस कसला, काम आहे ते करावंच लागतं’ हे उत्तर यावयाचे. ते उत्तर नैराश्याचे नसून वस्तुस्थितीचे आहे, आणि चार चौकोनांपैकी कोणत्यातही ते बसत नाही. उलट, ‘मावशी, भजनाला, बाजाराला जावंसं वाटतंय का पहिल्यासारखं?’ असे विचारले तर मूळ प्रश्नाचा आशय पूर्ण येतो. ‘पहिल्यासारखं’ ह्या एका शब्दात पूर्वीच्या आवडीशी तुलना येते, जी वैद्यास हवीच असते.

कालगणनेचे शब्दही पारखून घेतले पाहिजेत. मराठीत आठवडा म्हणजे ‘आठ दिवस’ आणि दोन आठवडे म्हणजे ‘पंधरा दिवस’. ‘आठ दिवसांनी या’ असे डॉक्टरांनी सांगितले तर रोगी सोमवारचा सोमवारीच येतो. त्याला कोणी गणित शिकवावे लागत नाही. हे शब्द संख्यावाचक राहिलेले नसून कालखंडांची नावे झाले आहेत. ‘दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला’ ह्यापेक्षा ‘पंधरा दिवस झाले तरी न जाणारा खोकला’ हे चटकन कळते. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ ह्या पर्यायाला तर बोलीत तयार शब्द आहे : ‘दिवसाआड’. ज्या महाराष्ट्रात नळाला पाणी दिवसाआड येते तेथे हा शब्द कोणास समजावून सांगावा लागणार नाही. दिवसाआड म्हणजे नेमके निम्मे. त्याहून जास्त म्हणजे वरचा पर्याय, कमी म्हणजे ‘कधीमधी’. अशी मोजपट्टी भाषेने आधीच आखून ठेवली असता भागाकार करावयास लावणारी मोजपट्टी रोग्यासमोर ठेवणे हा निव्वळ आळस आहे.

येथवर प्रश्नाच्या शब्दांचा विचार झाला. पण गावात पडदा स्वतः बोलत नाही. आशाताई तो वाचते आणि आपल्या बोलीत विचारते. ह्या मध्यस्थीने पुष्कळ काही सावरले जाते. ‘सेवन’ हा शब्द ती तोंडातून काढीतच नाही, आणि कोणाच्या कोनाड्यात मिसरीची डबी आहे हे तिला पडद्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तथापि मध्यस्थीचा स्वतःचा एक धोका आहे, आणि तो मराठीच्या व्याकरणात दडलेला आहे. ओळखीच्या माणसास अप्रिय गोष्ट विचारताना आपण प्रश्न नकारार्थी करतो आणि शेवटी ‘ना’ जोडतो : ‘वहिनी, काही गाठबीठ नाही ना लागत हाताला?’ ह्यात सौजन्य आहे, अभद्र बोलू नये हा संकेतही आहे. परंतु असा प्रश्न उत्तर आपल्याबरोबरच घेऊन येतो. पुढे गुंतागुंत अशी, की मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर त्याचा अर्थ बहुधा ‘तुम्ही म्हणता तसेच, गाठ नाही’ असा होतो. पडद्यावरचा प्रश्न होकारार्थी, तोंडी विचारलेला नकारार्थी, आणि ऐकू आलेला शब्द ‘हो’. घाईत बोट कोठे पडेल हे सांगता येत नाही. आणि घाई असतेच. एका आशाकडे सुमारे हजार लोकवस्ती असते.

दुसरा धोका ओळखीचाच आहे. स्त्रियांच्या भागात पाळीखेरीज होणारा रक्तस्राव, संबंधानंतर होणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव ह्यांविषयी प्रश्न आहेत. बोलीत ह्या विषयांना आडपडद्याचे शब्द आहेत. ‘अंगावरून जाणे’ हा त्यांतील प्रमुख होय. पांढरे जाते की लाल, एवढे विशेषण त्याला लागले की पुरते. ‘स्राव’ हा शब्द पुस्तकी आहे, आणि ‘संबंध’ हा शब्द ओसरीवर सासू बसलेली असता उच्चारताच येत नाही. अशा वेळी जे ‘नाही’ येते ते चौथ्या प्रकारचे, म्हणजे न सांगण्याचे असते. गावातील बाई ही विचारणारी असल्यामुळे इतर उत्तरे खरी येतात आणि ह्याच कारणाने ही उत्तरे खोटी येतात. येथे यंत्राची बाजू घेतली पाहिजे. 1998 मध्ये टर्नर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील किशोरांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात असे आढळले, की संगणकाने कानातील श्रवणयंत्रातून प्रश्न विचारला असता संकोचाच्या विषयांवर होकार अधिक प्रमाणात मिळतात. कान लावून एकटीने ऐकलेला आणि एका बोटाने उत्तर दिलेला प्रश्न सासूस ऐकू जात नाही, हा गुण लहान नव्हे. वाचता न येणाऱ्या स्त्रीसही तो उपलब्ध होऊ शकतो.

समोरासमोरच्या डॉक्टरांची गोष्टही फार आदर्श नसते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. 1984 मध्ये बेकमन व फ्रँकेल ह्यांनी अमेरिकेतील 74 भेटींची तपासणी करून दाखविले, की रोग्याचे पहिले निवेदन डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत तोडतात. बाह्यरुग्ण विभागातील आपली गर्दी पाहता येथे निराळे घडत असेल असे मानण्यास आधार नाही. तेव्हा माणूस चांगला आणि यंत्र वाईट अशी सोपी विभागणी करता येत नाही.

ह्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर एक वेगळा वाटा येथेच मळलेला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी 1970 मध्ये जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि त्यासाठी त्यांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावागावांतून निवडलेल्या, बहुशः निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ह्या स्त्रिया आठवड्याला जामखेडला येत, आणि आपल्या गावातील दुखण्यांची चर्चा आपल्याच शब्दांत करीत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे महत्त्वाची बाब ही, की ह्या व्यवस्थेत शब्दांचा प्रवास दोन्ही दिशांनी होत असे. वैद्यकाची संज्ञा गावात जाई, तशी गावाची संज्ञा वैद्याच्या कानी पडे. आजची प्रश्नावली फक्त खाली जाते; वर येतो तो चौकोनातला अंक.

हा परतीचा मार्ग पडद्यावरही करून देता येईल. स्लॅक ह्यांची चौथी कळ पुन्हा बसविणे ही त्याची पहिली पायरी होय, आणि तिला फारसा खर्च नाही. ‘समजले नाही’ ही कळ दाबली की तोच प्रश्न दुसऱ्या, बोलीतल्या शब्दांत यावा. आणि कोणत्या तालुक्यात कोणत्या प्रश्नाला ती कळ किती वेळा दाबली गेली ह्याची नोंद राहावी. ‘सांगायचे नाही’ अशी पाचवी कळही हवी; तिच्यावर बोट ठेवणाऱ्या स्त्रीस उपकेंद्रात एकान्तात विचारता येईल. ‘नाही’च्या ढिगातून ही तीन उत्तरे बाजूस काढली म्हणजे जे उरेल त्याला आजच्याहून अधिक विश्वासाने ‘नाही’ म्हणता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्यात प्रबंधाचा विषय आहे. एका प्रश्नावलीतील तीसएक प्रश्न घेऊन पाथर्डी, संगमनेर व अकोले येथे त्यांचे बोलीतले पर्याय जमवावे, आणि एकाच लक्षणाला किती शब्द मिळतात ते पाहावे. उदाहरणार्थ, हातापायांना ‘मुंग्या येतात’ असे एक गाव म्हणेल, ‘हातपाय झोपतात’ असे दुसरे. ‘चक्कर’, ‘घेरी’, ‘भोवळ’ ह्यांच्या अर्थच्छटा एक आहेत की भिन्न, हे कोशात पाहून सांगता येणार नाही. अकोल्यातील ठाकर वस्तीत तर प्रमाण मराठीतील ध्वनिमुद्रित आवाजही परका वाटण्याचा संभव आहे. तेथे आवाज कोणाचा असावा, हा प्रश्न शब्दांइतकाच महत्त्वाचा ठरेल.

अशा संग्रहात मोजमापाच्या शब्दांना स्वतंत्र जागा द्यावी. ‘शून्य ते दहा ह्यांत वेदना किती?’ ह्या प्रश्नापुढे वृद्ध रोगी थबकतो, आणि त्याला अंक कळत नाहीत असा ग्रह होतो. तोच रोगी ‘आता रुपयात बारा आणे फरक आहे’ असे आपण होऊन सांगतो. आणे व्यवहारातून 1957 साली जाऊ लागले. दुखण्याच्या हिशेबात ते अजून चालू आहेत. त्यातही आण्यांत वेदना क्वचित मोजतात. मोजतात तो फरक, म्हणजे औषधाला आलेला गुण. ‘दुखणे किती?’ ह्यापेक्षा ‘गुण किती आला?’ हा प्रश्न त्यांना स्वाभाविक वाटतो, कारण पहिल्याला तुलनेस काही नसते आणि दुसऱ्याला काल असतो. त्यांची सून ‘पन्नास टक्के फरक पडला’ असे म्हणते. मोजपट्टी बदलली, मोजायची वस्तू तीच राहिली. दोन्ही उत्तरे अंकांत सहज उतरविता येतात. सोळांचे दहा करणे हे काम यंत्राने करावयाचे आहे.